कॉम्प्रेसरचा प्रेशर स्विच आणि मॅनिफोल्ड बदलताना या चुका टाळा

सोयाबीनची काढणी लागली की वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आर्वी-तळेगाव पट्ट्यात हवेची मागणी एकदम वाढते. हार्वेस्टरच्या रेडिएटरमध्ये भुसा अडकलेला असतो, भरल्या ट्रॉलीचा टायर धुऱ्यावरच बसलेला असतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यात पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर दगा देतो. मग तो नवा प्रेशर स्विच विकत घेऊन थेट माझ्याकडे येतो. "भाऊ, सामान आणलं, निस्तं बसवून द्या. गिऱ्हाईक उभं हाये."

मी त्याचा स्विच बाजूला ठेवतो आणि आधी कॉम्प्रेसर चालू करायला लावतो. बऱ्याचदा जुना स्विच धडधाकट असतो आणि बिघाड भलतीकडेच असतो. बावीस वर्षं हे काम करतो आहे. पंक्चरची दुकानं, गॅरेज, जिनिंगमधले मोठे कॉम्प्रेसर, सगळीकडे त्याच त्या चुका पाहिल्या. काही खिशाला भोवतात, काही हाताच्या बोटांना. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतो आहे.

स्विच दोन कामं करतो हे आधी समजून घ्या. पहिलं सगळ्यांना माहीत असतं: टाकीत ठरलेला दाब भरला की मोटर तोडायची, दाब उतरला की जोडायची. माझ्याकडे येणारे बहुतेक छोटे कॉम्प्रेसर 6 किलोला चालू आणि 8 किलोला बंद असे लावलेले असतात. किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो, साधारण 14.2 पीएसआय. दुसरं काम मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. मोटर बंद होताच स्विचच्या कडेची एक बारीक पिन दाबली जाते आणि हेडपासून (पिस्टनच्या वरचा भाग, जिथून दाबलेली हवा निघते) टाकीपर्यंतच्या नळीत अडकलेली हवा बाहेर सोडली जाते. तोच तो 'फुस्स' आवाज. दोन-तीन सेकंदांत संपतो. याला अनलोडर म्हणतात. त्यामुळे पुढच्या वेळी मोटर उठते तेव्हा पिस्टनच्या डोक्यावर दाब नसतो, ती रिकाम्या बंडीसारखी सहज निघते. ही हवा सोडताना टाकीतली हवा मागे येऊ नये म्हणून नळी टाकीला जिथे मिळते तिथे एनआरव्ही (नॉन-रिटर्न वॉल) बसवलेला असतो. हवेला आत जाऊ देतो, परत येऊ देत नाही.

हे दोन वाक्यांचं ज्ञान नसल्यामुळे लोकांचे हजारो रुपये जातात.

फुसफुस आवाज आला की स्विच बदलणं

ही माझ्या डोक्यात बसलेली पहिली चूक. एका दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट सांगतो.

महामार्गावरचा एक पंक्चरवाला पोरगा आला. हातात नवा स्विच, एका महिन्यातला तिसरा. म्हणाला, "भाऊ, हा बी फुसफुस करून राह्यला. सारे डुप्लिकेट माल इकून राह्यले." मी त्याला खाली बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला लावलं.

सुरुवातीला मोटर बंद झाल्यावर स्विचजवळून हवा जायला लागली होती. थांबायचीच नाही. टाकी उतरायची, पाच-सहा मिनिटांत मोटर पुन्हा चालू. कोणीतरी सांगितलं, स्विच गेला. त्याने स्विच बदलला. आवाज तसाच. मग नात्यातल्या एका जाणत्याने अनलोडरची बारीक तांब्याची नळी पक्कडने दुमडून हातोडीने चेपून दिली. आवाज बंद झाला. पोरगा खूश.

ती खुशी आठ दिवस टिकली. आता हेडमधली हवा बाहेर जायला वाटच उरली नव्हती. एनआरव्ही गळत होताच, म्हणजे टाकीतला 6 किलो दाब थेट पिस्टनच्या डोक्यावर. संध्याकाळी गावात सगळ्यांचे दिवे लागले की आपल्याकडे व्होल्टेज कसं बसतं ते वेगळं सांगायला नको. 230 च्या जागी 180 आलं तर मोटरची ओढायची ताकद अर्ध्याहून थोडीच जास्त, साधारण साठ टक्के राहते, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते. भरलेली बंडी, चढ आणि अर्धपोटी बैल. मोटर नुसती घूं करत राहायची. मग हा पोरगा काय करायचा, पट्टा हाताने ओढून तिला फेरा द्यायचा. चालू मोटरचा पट्टा! आधी मोटरचा कंडेन्सर फुगला. तो बदलला. मग एका दुपारी वॉर्निश जळाल्याचा वास आला आणि वाइंडिंग गेलं. मोटर रिवाइंड केली, सोबत दुसरा स्विच बसवला. नळी कोणीतरी नवी टाकली, तर फुसफुस पुन्हा सुरू. म्हणून हा तिसरा.

मी टाकी पूर्ण रिकामी केली आणि एनआरव्ही खोलला. त्याच्या हातात दिला, उजेडात धरायला लावला. आतल्या पितळी तोंडावर काळ्या कार्बनची कडी जमली होती, आणि डिस्कच्या खाली नखाएवढी पांढरी चिंधी चिकटलेली. टेफलॉन टेप. डिलिव्हरी पाइपच्या, म्हणजे हेडपासून टाकीकडे येणाऱ्या नळीच्या, जोडावर कोणीतरी भरपूर टेप गुंडाळली होती आणि तिचा तुकडा हवेबरोबर वाहत येऊन डिस्कखाली अडकला होता. त्या जोडावर टेपची गरजच नसते. तिथे हवा फेरूल (नटाखाली नळीवर आवळली जाणारी कडी) थांबवतो, आटे नाही.

एनआरव्ही नवा बसवला. 8 किलोला मोटर बंद झाली, दोन सेकंद फुस्स, आणि शांत. पोरगा बराच वेळ कान लावून बसला होता. जुने दोन्ही स्विच मी तपासून त्याला परत दिले. दोन्ही चांगले होते.

तर कानाने ओळखायची रीत अशी. मोटर बंद असताना हवा सतत जात असेल तर दोष एनआरव्हीचा. मोटर चालू असताना अनलोडरमधून हवा जात असेल तर अनलोडरची पिन नीट बसत नाही, दोष स्विचचा. मोटर बंद झाल्यावर फुस्स आवाजच येत नसेल तर नळी चेंबली आहे किंवा अनलोडर अडकला आहे. आणि स्विचच्या पोटातून, कव्हरच्या आतून हवा येत असेल तर डायफ्राम (दाब झेलणारा आतला पडदा) फाटला, तेव्हा खुशाल नवा स्विच घ्या. हे सगळं एकही नट न खोलता कळतं. दोन मिनिटं गप्प बसून ऐकावं लागतं, तेवढंच.

एनआरव्ही धुऊन वापरायचा असेल तर डिस्क बघा. कडक झाली असेल, तिच्यावर गोल खड्डा पडला असेल तर धुऊन उपयोग नाही. डिझेलमध्ये धुतला तर पूर्ण पुसून, वाळवूनच बसवा. गरम हवेच्या वाटेवर इंधनाचा थेंबही नको. मी स्वतः बहुतेक वेळा नवाच टाकतो. स्विचपेक्षा स्वस्त पडतो.

अनलोडरची नळी मात्र कधीच चेपू नका, तिच्यात स्क्रू ठोकू नका, सायकलची वालट्यूब घालून बांधू नका. आवाज बंद करणं म्हणजे दुरुस्ती असं ज्याला वाटतं, त्याला मी मशीनला हात लावू देत नाही.

लाईन गेली आहे म्हणून मेन चालू ठेवणं

ही दुसरी. यावर मी ओरडतो, आणि ओरडत राहणार.

आपल्याकडे लाईन जाण्याला काही नवल राहिलं नाही. सकाळी गेली की लोक म्हणतात, चला, आता निवांत काम करून घेऊ. मेन स्विच खाली करायचं कोणाच्या डोक्यात येत नाही, कारण करंटच नाही. प्रेशर स्विचच्या बाबतीत यात एक जास्तीचा धोका आहे, तो नीट समजून घ्या. टाकी रिकामी केली की स्विच जोडला जातो. त्याचं कामच ते. म्हणजे तुम्ही काळजीपूर्वक हवा सोडली, टाकी शून्यावर आणली, की स्विचने मोटर चालू करायची तयारी करून ठेवलेली असते. फक्त लाईन यायची वाट असते.

आषाढ होता. जवळच्याच गावात ओळखीच्या गॅरेजमध्ये मालकाचा भाचा काम शिकत होता, अठरा-एकोणीस वर्षांचा, कामाला वाघ. सकाळपासून लाईन नव्हती. मला स्विच बदलायला बोलावलं होतं, पण मी पोचायच्या आधी आपणच खोलून ठेवावं असं त्याला वाटलं. टाकी सोडली, पट्ट्याची जाळी काढली, स्विचचं कव्हर काढलं. एक हात टेकायला त्याने पुलीवर ठेवला होता. लाईन आली.

मी पाच-सात मिनिटांनी पोचलो. मेन कोणीतरी पाडला होता. पोराचा हात दुपट्ट्यात गुंडाळलेला होता आणि तो एकच वाक्य बोलत होता, "लाईन नव्हती ना भाऊ, लाईन नव्हती." दोन बोटांची पेरं गेली. आज तो चांगला मेकॅनिक आहे, पण बारीक स्क्रू धरताना डावा हात वापरतो.

तेव्हापासून माझी सवय ठरली. मेन खाली, किटकॅट (फ्यूजची काढता येणारी पकड) काढायची आणि शर्टाच्या खिशात ठेवायची. पाटीवर नाही, खिडकीत नाही, खिशात. काम होईपर्यंत ती कोणाला मिळत नाही. मग टेस्टर लावून बघायचं, स्विचच्या प्रत्येक टर्मिनलवर. आपल्याकडच्या शेडमध्ये फेज-न्यूट्रल उलट जोडलेले किती तरी सापडतात. तिथे स्विच तुटलेला असला तरी मोटरवर फेज उभीच असते. आणि क्रम लक्षात ठेवा: आधी वीज, मग हवा. उलट केलं तर टाकी उतरता उतरता मोटर सुरू होणार.

टाकीत दाब असताना "फक्त अर्धा फेरा"

"गेज शून्य दाखवतो" हे पुरेसं नाही. गेजच्या भोकात गंज आणि तेलाचा चिखल बसतो, काटा अडकतो. टाकीच्या तळाच्या ड्रेन कॉकमधून काही येत नाही म्हणजे टाकी रिकामी, हेही खरं नाही; रोज पाणी न काढलेल्या टाकीचा ड्रेन गाळाने बुजलेला असतो. मी तीन खुणा बघतो. ड्रेन उघडा, हवेच्या नळीचा कॉक उघडा आणि सेफ्टी वॉलची, म्हणजे दाब फार वाढला की हवा सोडणाऱ्या झडपेची, रिंग ओढलेली, तिन्हीकडून आवाज नाही, तेव्हाच पाना लावतो. ड्रेन बुजला असेल तर हवा नळीतून सोडायची, दाबाखाली ड्रेन कोरायला जायचं नाही.

किती जोर असतो त्याचा हिशेब करा. 8 किलोला अर्धा इंची प्लगच्या मागे पंचवीस किलोच्या वर जोर असतो, म्हणजे शेवटचा आटा सुटला की तो गोळीसारखा जाणार. दीड फूट व्यासाच्या टाकीच्या एका झाकणावर बारा टनांच्या वर. कापसाने भरलेली अख्खी ट्रक त्या पत्र्याला टेकली आहे असं समजा. म्हणून गळक्या जोडावर चालू दाबात एम-सील थापणाऱ्यांचा मला राग येतो. ते लागतही नाही, आणि लागलं तर पुढच्या माणसाला खालचे आटे मेलेत हे कळत नाही.

मॅनिफोल्डचे आटे

स्विचच्या खाली चार तोंडांचा पितळी तुकडा असतो, तो मॅनिफोल्ड. दुकानात 'फोर वे' मागितला की मिळतो. एक तोंड टाकीकडे, बाकीच्यांवर गेज, सेफ्टी वॉल आणि हवेची नळी. काही स्विचमध्ये तो अंगचाच येतो, काहींत वेगळा. गेजजवळ सतत गळती, पितळेला बारीक तडा, आटे खाल्लेले, अशी लक्षणं असतील तर बदलावाच लागतो.

इथे घाई करणारा फसतो तो आट्यांच्या जातीत. आपल्याकडच्या टाक्या, निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला आखूड पाइप), गेज बहुतेक बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाच्या, आट्यांचे. बाहेरून आलेल्या स्वस्त स्विचमध्ये एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाचे, आटेही सापडतात. पाव इंचात बीएसपीला इंचाला 19 आटे, एनपीटीला 18. आट्याचा कोनही वेगळा, एकाचा 55 अंश, दुसऱ्याचा 60. दोन-तीन फेरे हाताने जातात, पुढे जड होतं. नवशिका समजतो, घट्ट बसतं आहे, आणि पान्याला पाइप लावून रेटतो. पितळ मऊ, लोखंड कडक. आटे सोलून निघतात. अर्धा इंचात आणखी फसवणूक आहे: दोन्हीला इंचाला 14 च आटे, त्यामुळे पूर्ण आत जातो, बसल्यासारखा वाटतो, आणि हवा आट्यांच्या वळणावळणाने बाहेर येत राहते. मग टेपवर टेप.

माझ्या पेटीत बीएसपीचा एक चांगला पाव इंची निपल कायम असतो. नवं सामान आलं की त्याचा आटा याच्या आट्याला लावून उजेडासमोर धरतो. मधून उजेड दिसला की सामान परत. दुकानदार कुरकुरतो, पण परत घेतो, कारण खोललेलं नसतं. मग कोणतीही टेप न लावता सगळे जोड हाताने फिरवून बघतो. तीन-चार फेरे मोकळे गेले पाहिजेत. पाना त्यानंतर.

टेप लावायची रीतही सांगतो, कारण वर सांगितलेल्या सगळ्या भानगडीचं मूळ नखाएवढी टेप होती. पहिला आटा मोकळा सोडायचा. आट्याचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ताणून, तीन-चार वेढे. उलट गुंडाळली तर फिरवताना सुटते आणि गोळा होऊन आत जाते. स्विचच्या खालच्या भोकात तुकडा गेला तर डायफ्रामला दाब उशिरा कळतो, आणि टाकी 8 ऐवजी 9 वर जाऊन मोटर तोडते. काही लोक सूत आणि सफेदा लावतात. पाण्याच्या नळाला चालतं. हेडजवळच्या गरम जोडांना मी लावत नाही.

बसवताना आणखी एक. स्विचचा तोंडवळा सरळ यावा म्हणून घट्ट झाल्यावर पाव फेरा मागे घेऊ नका. टेप एकदा दाबली गेली की मागे घेतल्यावर गळणारच. पुढे फिरवा, नाहीतर खोला, टेप नवी लावा, पुन्हा बसवा. आणि पाना खालच्या षटकोनावर लावा. स्विचचं अंग पाइप पान्यात धरून पिळणारे मी पाहिले आहेत; चार बारीक स्क्रूंनी डायफ्रामची तबकडी धरलेली असते, ती तिरपी होते, आणि नवा कोरा स्विच पहिल्याच दिवशी पोटातून गळतो.

जुना निपल टाकीत अडकला असेल तर दोन पाने वापरा, एकाने टाकीकडची बाजू धरा. रात्रभर तेल सोडून ठेवा. आज निघाला नाही तर उद्या निघेल. गॅसच्या ज्योतीने तापवू नका, टाकीच्या तळाशी कॉम्प्रेसरचं तेल साचलेलं असतं. निपल मोडलाच तर आतला तुकडा काढणाऱ्याकडे टाकी न्या. आणि टाकीवर वेल्डिंगचा थिगळ लावून घेऊ नका, कोणी कितीही पक्का वेल्डर असला तरी. आतून गंजून पातळ झालेला पत्रा थिगळाच्या कडेने फाटतो. टाकीबद्दल शंका आली तर पाण्याने दाब देऊन तपासायची. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी फुटली तरी फक्त पाणी सांडतं. हवेने तपासताना फुटली तर स्फोट होतो.

बाकीच्या, थोडक्यात

वायर काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि वायरला चिंधी बांधून खूण करा. फोटोत लाल आणि तपकिरी सारखेच दिसतात.

सेफ्टी वॉल आणि टाकी यांच्या मध्ये कोणताही कॉक बसवू नका. सेफ्टी वॉल रेग्युलेटरच्या (बाहेर जाणाऱ्या हवेचा दाब ठरवणाऱ्या भागाच्या) पुढेही बसवू नका. गळतो म्हणून त्याच्या जागी प्लग लावणाऱ्याच्या दुकानात मी पाऊल ठेवत नाही.

स्विचचं कव्हर लावताना वायरच्या भोकातली रबर विसरू नका. आपल्याकडे मुंग्या आत जातात आणि कॉन्टॅक्टच्या मध्ये चिरडून करंट अडवतात. "स्विच मेला" म्हणून आलेले किती तरी स्विच मी नुसते ब्रशने साफ करून परत दिले. जिनिंगच्या आसपास असाल तर कापसाची तूस, त्याच्या जोडीला पाल.

अनलोडरला नायलॉनची नळी घालू नका. हेडजवळ वितळते. तांब्याची घाला, आणि फेरूल एकदाच बसतो, जुना परत वापरायला जाऊ नका.

तीन फेज मोटर असेल तर तिचा भार थेट स्विचवर टाकू नका. स्विच स्टार्टरच्या कॉइलच्या वाटेत घ्या, ओढाताण स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर (जड करंट जोडणारा-तोडणारा स्विच) सोसू दे. सिंगल फेज 2 एचपीला अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या, आणि टर्मिनलचे स्क्रू आठवड्याने एकदा पुन्हा कसा.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली मोटर मध्येच बंद पडत असेल तर आधी ओव्हरलोडचं बटण बघा. बाहेर 45 अंश असताना मोटर तापून स्वतःला तोडून घेते, त्यात स्विचचा दोष नाही. कॉम्प्रेसर भिंतीपासून हातभर लांब ठेवा, वारा लागू द्या.

अर्थिंगची वायर परत लावायला विसरू नका. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या सळईपासून सुटते. खड्ड्यात आठवड्याला घागरभर पाणी टाकत जा.

स्प्रिंग पिळून दाब वाढवणं

नवा स्विच बसला की गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "भाऊ, दहा किलोवर करून द्या, ट्रकचे टायर लवकर भरते." मोठ्या स्प्रिंगचा नट पिळला की चालू आणि बंद दोन्ही दाब वर जातात हे त्यांनी कुठेतरी पाहिलेलं असतं. मी टाकीवरची पाटी वाचायला लावतो. पाटीवरच्या कामाच्या दाबापलीकडे स्विच लावायचा नाही. पाटीच नसेल, रंगाखाली गेली असेल, तर मी 8 च्या वर जात नाही, मग गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी चालेल. टायर हळू भरतो त्याचं कारण बहुतेक वेळा घाणेरडा फिल्टर, झिजलेली पिस्टन रिंग किंवा ढिला पट्टा असतो. दाब वाढवून ते झाकलं जातं, बरं होत नाही. कमी-जास्तीतला फरक ठरवणारा दुसरा छोटा नट असतो. तो असा लावू नका की 8 ला बंद आणि साडेसातला चालू. मोटर दिवसभर उठबस करत राहील आणि कॉन्टॅक्ट जळतील.

काम झाल्यावर

इथेही लोक घाई करतात. मोटर सुरू झाली, टाळी वाजली, पैसे घ्या आणि चला. मी अर्धा तास थांबतो. टाकी शून्यापासून भरू देतो आणि गेजवर डोळा ठेवतो. पहिल्या वेळी स्विचवर विश्वास ठेवायचा नाही. 8 च्या पुढे काटा सरकायला लागला की हात मेनवर. मोटर बंद झाली, फुस्स ऐकलं, की नळी उघडून 6 पर्यंत उतरवतो, पुन्हा भरू देतो. असे तीन फेरे. मग साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर. बारीक फेस हळूहळू वाढत जाईल ती गळती. मोठा बुडबुडा कोणालाही दिसतो, मुंगीच्या अंड्यासारखा फेस नजरेतून सुटतो, तो बघा.

शून्यापासून 8 पर्यंत भरायला किती मिनिटं लागली ते मी खडूने दुकानाच्या भिंतीवर लिहून देतो, खाली तारीख टाकतो. संध्याकाळी दुकान बंद करताना टाकी भरलेली ठेवून मेन बंद करायचा, गेजचा आकडा त्याच्या शेजारी लिहायचा, आणि सकाळी शटर उघडल्यावर आधी तो बघायचा. रात्रीच्या गारव्याने काटा थोडा खाली येतो, ते ठीक. निम्म्यावर आला असेल तर साबणाचं पाणी परत काढा. भरायची मिनिटं वाढत चालली असतील तर फिल्टर, रिंग आणि पट्टा बघून घ्या, आणि मगच मला फोन करा. येताना स्विच विकत घेऊन येऊ नका.